चार महिने तू, मग मी

सान पेद्रो दे आताकामा,
शनिवार, ९ ऑक्टोबर १९९९

प्रिय सातू यास,

थोरल्या बहिणीचे अनेक आशीर्वाद. तू आणि तुझी माणसं सुखरूप असाल असं धरून चालते. मी धडधाकट आहे, फक्त खांदे भरून आलेत, कारण माझ्या पाठीवर सॅक आहे.

हो, सॅक! हस, पोटभर हसून घे. पंधरा वर्षं आपल्या घरी उतरणाऱ्या सॅकवाल्यांच्या चादरी धुतल्या, त्यांना गरम सूप पाजलं, त्यांचे फोड आलेले पाय मिठाच्या पाण्यात बुडवले, आणि आता एक्केचाळिसाव्या वर्षी तुझी बहीण स्वतः सॅक लावून निघालीय. ही निळी सॅक तुला आठवेल. ती उंच डच मुलगी, जड होते म्हणून आपल्याकडं टाकून गेली होती, तीच. एक बक्कल तुटलंय, तिथं लामाच्या लोकरीची दोरी बांधलीय. काल एका दुकानाच्या काचेत मी मला बघितलं. डोक्यावर टोपी, खाली घेरदार काळा घागरा आणि मागं हे निळं बोचकं. मला इतकं हसू फुटलं की दुकानदार बाहेर येऊन बघायला लागला.

आपल्या गावातून ट्रकनं मिठाचं मैदान ओलांडलं, उयुनीला आगगाडीत बसले. गाडी कसली, रडगाडी ती. सरहद्दीपाशी ओयागुए ज्वालामुखी दिसला तेव्हा टोपी काढली आणि रीतीप्रमाणे घोटभर दारू खिडकीतून जमिनीला वाहिली. वारा उलटा होता. सगळी दारू मागच्या खिडकीतल्या माणसाच्या तोंडावर. तो ओरडला, "ओ बाई, डोंगराला पाजताय की मला?" मी म्हटलं, "तुम्हीही प्या, आजचा दिवस चांगला जाईल." मग त्यानं ओठ पुसले आणि आणखी आहे का म्हणून विचारलं.

चौकीवरचा साहेब मात्र खडूस निघाला. "प्रवासाचं कारण?" म्हणाला. मी म्हटलं, "फिरायला." त्यानं मला खालून वर बघितलं. "फिरायला की काम शोधायला?"

"अहो, कामच शोधायचं असतं तर घरीच बसले असते. तिथं कामाला तोटा नाही."

त्यानं माझी कोकाची पानं काढून घेतली, वाळवलेले बटाटेही काढून घेतले. मी विचारलं, "वाटेत डोकं चढलं तर काय चघळू, तुमचा शिक्का?" तेव्हा कुठं हसला मेला, आणि शिक्का मारला.

इथं एका खोलीत आठ खाटा आहेत. सगळी परदेशी पोरं. काल दुपारी मी आत शिरले तशी एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी चादर ओली आहे, बदलून देता?" आणि सातू, मी बदलून दिली. कोपरे दुमडून, नीट ताणून. मग माझ्या खाटेवर बसले, तेव्हा ती बिचारी लालेलाल झाली. तिचा काय दोष? हातच वळले माझे.

तुझं पहिलं कार्ड इथूनच आलं होतं. "निको, इथली दरी बघून तू वेडी होशील." आज मी ती दरी बघितली. वेडी वगैरे झाले नाही. बराच वेळ बसले आणि उठले. नकाशा मांडीवर होता, त्या फ्रेंच जोडप्यानं दिलेला. त्यावरची लाल पेन्सिलची रेघ माझी आहे, विसरला नसशील. ओयागुए, सान पेद्रो, कोपियापो, मग खाली खाली, पार पावसाच्या मुलखापर्यंत. कुठं उतरायचं, कुठं काय बघायचं, सॅकवाल्यांना विचारून विचारून एकेक गाव मी मांडलं होतं. आई म्हणाली होती, "दोघं एकदम गेलात तर खाटा कोण बघेल, लामा कोण बघेल?" म्हणून आपलं ठरलं. चार महिने तू, मग चार महिने मी. तू पुरुष, म्हणून आधी तू. मार्च चौऱ्याण्णवमध्ये माझ्या रेघेची नक्कल खिशात घालून तू निघालास. त्याला साडेपाच वर्षं झाली. असो. भांडायला निघाले नाही मी.

घरचं विचारशील तर छप्पर नवीन झालं. लामा अठरा आहेत. घर सध्या शेजारची सेबेरीना बघते. आईचे गुडघे आता दुखत नाहीत.

सरळ बस धरली असती तर चार दिवसांत तुझ्या दारात असते. तुझा पत्ता माझ्याकडं आहे, तो कसा आला ते पुढं सांगेन. पण मी रेघेवरूनच यायचं ठरवलंय. मला तुझ्यासमोर बसून एक गोष्ट सांगायची आहे आणि तिला शब्द जुळवायला वेळ लागतोय. ती ऐकून तू मला बहीण म्हणशील की हाकलून देशील, माहीत नाही. आज तिकीट घेतलं, पाकीट घेतलं, टपालपेटीपाशी गेलेही, आणि परत आले. हे पत्र सॅकेतच ठेवते.

तुझी थोरली,
निकोलासा

—

कोपियापो,
रविवार, १७ ऑक्टोबर १९९९

प्रिय सातू यास,

आशीर्वाद. मागच्या पत्रात मी एक लबाडी केली. आईचे गुडघे दुखत नाहीत हे खरं आहे. आई गेली, सातू. अकरा जुलैला.

आठ दिवस हे वाक्य घेऊन फिरतेय. काल कुठं ते तोंडातून बाहेर पडलं, तेही तुझ्यासमोर नाही, भर वाळवंटात, अनोळखी बाईसमोर. आमची बस वाटेत बंद पडली. चारही बाजूंना पिवळी माती, झाड नाही, सावली नाही. ड्रायव्हर बॉनेटमध्ये डोकं घालून इंजिनाच्या आईबापाचा उद्धार करत होता. रस्त्याच्या कडेला अपघातात गेलेल्या कुणाचं तरी एक छोटं घरकुल होतं. कमरेइतकं, क्रूस, कागदी फुलं आणि भोवती पाण्यानं भरलेल्या बाटल्या. गेलेल्याला तहान लागते म्हणून येणारेजाणारे ठेवतात. आमच्या बसमधली माणसंही एकेक करून उतरली आणि आपापल्या बाटलीतलं पाणी ठेवायला लागली. मीही ठेवलं.

शेजारची म्हातारी माझा काळा घागरा बघत म्हणाली, "तुमचं कोण गेलं, बाई?"

"आई."

"आजारी होती?"

"नाही. जायची वेळ झाली होती."

"मग नशीबवान. मुलं किती तिला?"

"दोन," मी म्हटलं, आणि तिथंच मातीत बसून ओरडून रडले. गावात मला असं रडता आलं नव्हतं. म्हातारीनं माझ्या डोक्यावर ओढणी धरली, तोंडात पावाचा तुकडा कोंबला. "खा आधी. रिकाम्या पोटी रडलं की चक्कर येते," म्हणाली. ड्रायव्हरनंही शिव्या देणं थांबवलं.

आई अंगणात गेली. सकाळचं ऊन भिंतीवर आलं होतं, ती नेहमीसारखी पाठ शेकत बसली होती. मला हाक मारली. माझ्याशी तीन वाक्यं बोलली आणि मान टेकली. त्रास काही झाला नाही. तुझं नाव घेतलं तिनं. काय म्हणाली ते आत्ता लिहवत नाही, पण तुझ्या दाराशी पोचेपर्यंत लिहीन, शपथ.

आता दुसरी गोष्ट. तू मेलास असं गावानं ठरवलं होतं.

ऑगस्ट पंच्याण्णवमध्ये गंधकाच्या खाणीतले लोक तुझी सॅक घेऊन आले. ओयागुएच्या पलीकडं, बर्फाच्या काठावर सापडली म्हणाले. फाटलेली, आत दगडासारखा गोठलेला स्वेटर, आणि पट्ट्यावर मी शिवलेलं तुझं नाव. त्याआधी वर्षभर तुझं एक अक्षर आलं नव्हतं. परत येताना वाटेत गेला म्हणून, सगळ्यांना तेवढं पुरलं. आई पंधरा दिवस त्या सॅकेला हात लावू देईना. मग कोकाची पानं टाकून कौल सांगणाऱ्याला बोलावलं. त्यानं पानं टाकली, परत टाकली आणि मान हलवली. आईनं त्याच दिवशी काळी ओढणी रंगवायला घातली.

तेव्हा तुझं टेबल मांडलं आम्ही, गेलेला माणूस जेवायला येतो ते, एक नोव्हेंबरचं. पंच्याण्णव, शहाण्णव, सत्त्याण्णव, तिन्ही वर्षं रीतीप्रमाणे. स्वतःचं टेबल कसं होतं हे ऐकायला फार जणांना मिळत नाही, तुला मिळतंय, तर ऐक. काळं कापड, त्यावर ऊस, कांद्याची फुलं, तुला आवडते तशी लामाच्या सुक्या मांसाची भाजी, जांभळ्या मक्याची पेज, बियरची एक बाटली आणि सिगरेटी. तू सिगरेट ओढत नव्हतास, पण आई म्हणाली, "तिकडं लागली असेल सवय." एका टोकाला पावाचा माणूस, त्याला तुझ्यासारखे पुढं आलेले कान. आणि मधोमध पावाची शिडी, तुला वर चढायला.

शिडी दर वर्षी मीच भाजायचे. आणि दर वर्षी तिच्यात एक पायरी कमी ठेवायचे. मधलीच. पहिल्या दोन वर्षी कुणाच्या लक्षात आलं नाही. तिसऱ्या वर्षी, म्हणजे निरोपाच्या वर्षी, आईनं टेबलावर सगळं हातानं चाचपून बघितलं. नजर अधू झाली होती ना तिची.

"निकोलासा, अगं आंधळी मी आहे की तू? इथं पायरी कुठं आहे?"

"भट्टीत मोडली असेल."

"मोडली असेल! पोराचा पाय गेला मधून म्हणजे? आयुष्यभर पाव भाजलेस आणि भावाच्या शिडीला पायरी लावता येत नाही तुला?"

मग तिनं स्वतः कणकेची वळकटी केली, ती भाजून आणायला लावली, साखरेच्या पाकानं चिकटवली आणि सुकेपर्यंत दोन्ही हातांनी धरून बसली. मी चुलीपाशी उभी राहून बघत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता गावानं बासऱ्या वाजवत तुला वेशीपर्यंत पोचवलं, आईनं काळी ओढणी उतरवली आणि सगळ्यांबरोबर थोडी नाचलीसुद्धा.

पायरी मी का काढत होते, हे विचारशील. विचार. मीही उत्तर द्यायलाच निघालेय.

कोपियापो बरं गाव आहे. द्राक्षं स्वस्त आहेत.

निकोलासा

—

कुरालेव,
शनिवार, ३० ऑक्टोबर १९९९

सातू,

मी तुझ्या गावात आहे. तुझ्या घरापासून तीन गल्ल्यांवर, दोन्या उबेर्लिंदा म्हणून एक मालकीण आहे तिच्या खोल्यांत, चार नंबरला. परवापासून. बाहेर सारखी भुरभुर चाललीय, पावसात तुमचा ज्वालामुखी नीट दिसतही नाही, आज सकाळी तेवढा घटकाभर धूर सोडताना दिसला. माझी लाल रेघ इथं संपते. मीच हे गाव शेवटचं लिहिलं होतं आणि तू त्यातच राहिलास.

पहिल्या दिवशी तुझं घर लांबून बघितलं. हिरवं दार, बाहेर बर्फात घालायचे बूट ओळीनं वाळत टाकलेले. म्हणजे तू इथंही सॅकवाल्यांनाच डोंगरावर नेतोस. पुढं गेले नाही. काल पावाच्या दुकानात रांगेत उभी होते तर दुकानदारीण ओरडली, "फोर्तुनाता! बापाला सांग, पिशवी परत पाठवायला!" आणि माझ्या कमरेपाशी एक एवढीशी मुलगी म्हणाली, "सांगते."

तिच्याकडं बघितलं आणि आईच बघितली मी. तेच कपाळ. तोच हनुवटी पुढं काढून बोलायचा तोरा. माझ्या सॅकेकडं बघून तिनंच विचारलं, "तुम्ही वर जाणार डोंगरावर?"

"छे गं! माझं वय झालं."

"माझा बाबा जाड्या बायकांनापण नेतो."

"असं का? जाड्या बायका तुझ्या बाबाचे आभार मानतात." ती हसली नाही. मी विचारलं, "फोर्तुनाता हे नाव तुला कुणी ठेवलं?"

"बाबानं. माझ्या आजीचं आहे. ती खूप मीठ असतं तिथं राहते."

"तू गेलीस का कधी तिकडं?"

"नाही. आजी बाबावर रागावलीय. तिचा राग गेला की ती पत्र पाठवणार, मग आम्ही सगळे जाणार." मग बोटावर मोजून म्हणाली, "मी तिला माझा ससा दाखवणार. आणि बूट."

पाव न घेताच मी बाहेर आले.

आई रागावली नव्हती, सातू. एक दिवसही नाही. तिला तुझं पत्रच मिळालं नाही. ते माझ्याकडं आहे.

पत्र आलं ते तीस ऑक्टोबर पंच्याण्णवला, आजच्याच तारखेला, टपालाच्या ट्रकनं. मी तुझ्या टेबलाचं पीठ मळत होते. आई ओढ्यावर गेली होती. तुझं अक्षर बघून मी मटकन खाली बसले. तू जिवंत! कालामाच्या स्टेशनात सॅक चोरीला गेली, तू पुढं आलास, इथं मार्गोत नावाची बाई भेटली, मुलगी झाली, तिला आईचं नाव ठेवलं. देवाशपथ सांगते, मला आनंद झाला. पीठ भरल्या हातांनी ते पत्र छातीशी धरून मी रडले. मग परत वाचलं. "दिलेला शब्द मोडला म्हणून तोंड दाखवायची लाज वाटते, पण निको समजून घेईल. ती तशी घरात रमते." आणि खाली, "आईचा राग नसेल तर कळव, नाताळात सगळे येतो. उत्तर आलं नाही तर मी समजेन की तिला माझं तोंड बघायचं नाही."

निको घरात रमते! मी, जिनं ती रेघ ओढली! दीड वर्ष मी वेशीकडं बघत होते. रोज सकाळी सॅकवाल्यांचा ट्रक यायचा, कुणी ना कुणी म्हणायचं, सान पेद्रो काय सुंदर आहे, आणि मी त्यांच्या चादरी बदलायचे. तू माझे चार महिने घेतलेस, मग वर्ष घेतलंस, बायको घेतलीस, मुलगी घेतलीस, आणि आता नाताळला पाहुणा म्हणून येणार होतास. माझं डोकं फिरलं. मला वाटलं, दोन दिवस राहू दे याला मेलेला. फक्त दोन दिवस. टेबल उठलं की सांगेन.

एक तारखेला दुपारी बाराला तुझ्या टेबलावरच्या कपावर एक माशी येऊन बसली. आई म्हणाली, "आला बघ." तिनं खुर्ची ओढली आणि त्या माशीशी बोलायला लागली. संध्याकाळपर्यंत बोलत होती. लामांचं सांगितलं, माझं सांगितलं, "तुझी बहीण फार राबते" म्हणाली. तुला रागवली, तुझी माफी मागितली, थंडीत स्वेटर का काढलास म्हणून विचारलं. आणि सॅक आल्यापासून पहिल्यांदा पोटभर जेवली. दुसऱ्या दिवशी टेबल उठलं तेव्हा म्हणाली, "निको, त्याला त्रास झाला नाही गं. तो बरा आहे तिथं."

तिला काय सांगू मी? ज्याला जेवू घातलंस तो जिवंत आहे? जिवंत माणसाचं टेबल मांडलं तर ते त्याला ओढून नेतं, हे तुलाही माहीत आहे. तिला वाटलं असतं, आपणच पोराला मारलं. मग पुढच्या आठवड्यात सांगू, पुढच्या महिन्यात सांगू, असं करत वर्ष गेलं आणि दुसरं टेबल आलं. ते तुला ओढून नेईल या भीतीनं मी एक पायरी काढून ठेवायचे, म्हणजे तू वर जाऊ शकणार नाहीस. मूर्ख बाईचा इलाज. आईनं ती पायरी बसवली त्या वर्षी मी सहा महिने रोज वाट बघत होते, आता तुझी खरीच बातमी येईल म्हणून. आली असती तर ती मीच केलेली असती.

राग दोनच दिवस होता रे. नंतरची चार वर्षं नुसती भीती होती. पत्राला उत्तर लिहायला बसले की पहिली ओळच सुचायची नाही. आई गेल्यावर सुचली, कारण आता तिला कळायचं नव्हतं. इतकी भित्री आहे मी.

ती जाताना काय म्हणाली ते लिहायचं राहिलंय. म्हणाली, "सातू एकटाच आहे तिकडं, इतकी वर्षं. आता मी जाते त्याच्याजवळ. तू घर सांभाळ." हसत म्हणाली. खुशीत गेली, सातू. मी तिच्या शेजारी बसून तिचा हात धरला होता आणि मला सगळं ठाऊक होतं. एका वाक्यात तिला थांबवता आलं असतं. मी नाही बोलले. ती तुझ्याकडं गेली आणि तू तिथं नाहीस.

जुलैपासून ती तुला शोधत असेल. आपली आई आहे ती, गप्प बसायची नाही. ज्याला त्याला अडवून विचारत असेल, माझा मुलगा बघितलात का, कान पुढं आलेत त्याचे, पंच्याण्णवला आला. आणि कुणी काही सांगू शकत नसेल. मला झोप लागत नाही ती याच्यामुळं. तू मला काय म्हणशील त्याच्यामुळं नाही.

परवा सोमवारी, एक तारखेला, तिचं पहिलं टेबल आहे. दोन्या उबेर्लिंदानं भट्टी दिलीय. "कोण गेलं?" म्हणाली, मी सांगितलं, तर तिनं पीठही दिलं आणि मला बाजूला सारून स्वतःच मळायला बसली. जे लागतं ते सगळं उद्या संध्याकाळपर्यंत तयार होईल. ते तुझ्या दाराशी ठेवून मी निघून येईन. मला घरात घेऊ नकोस, माझ्याशी बोलू नकोस, हवं तर मी दिसेन तिथं थुंक. माफ कर असं मी लिहिणार नाही, तेवढं तोंड मला नाही. पण टेबल तू मांड. तुझ्या घरात, तुझ्या हातानं. फोर्तुनाताला शेजारी बसव आणि तिला सांग की आजी कधीच रागावली नव्हती. राग आत्याचा होता.

इथं माझ्या खोलीत मांडलं तरी आई येईल. पण तिला मी एकटीच दिसेन, आणि ती मलाच विचारेल. मला तिला उत्तर देता यायचं नाही, सातू. ते तुलाच द्यावं लागेल.

ही तिन्ही पत्रं एका पाकिटात घालून दोन्या उबेर्लिंदाबरोबर पाठवतेय. तिला काही माहीत नाही, तिच्यावर चिडू नकोस. मंगळवारी दुपारी टेबल उठेपर्यंत मी इथंच आहे.

ती सोमवारी बारा वाजता येईल. दार उघडं ठेव, आणि तिला आल्या आल्या दिसशील असा बस.

तुझी, अजून असेन तर,
निकोलासा